हेरल्डच्या वायपरसाठी सोलापुरात

शनिवार

पितृपक्षातल्या पंचमीला बाबांची तिथी असते. ती दरवर्षी सोलापूरला काकांकडे होते, आणि यंदा बाबांच्याच गाडीने जायचं मी ठरवलं होतं. गाडी म्हणजे १९६९ची स्टँडर्ड हेरल्ड. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेली ट्रायंफ हेरल्ड मद्रासला स्टँडर्ड या नावाने बनू लागली आणि तिला चार दरवाजे मिळाले ते आपल्याकडेच. ९४८ सीसीचं छोटं इंजिन, खाली वेगळी चासी आणि संपूर्ण पुढे उलटणारं बॉनेट. मी ती साठाच्या वर पळवत नाही.

सकाळी सहाला पुणे सोडलं. यवत, पाटस, कुरकुंभ, भिगवणपर्यंत रस्ता कोरडा होता, फक्त उजनीच्या फुगवट्यावर ढग उतरले होते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, म्हणून तिकडे जाताना कोणी वायपर तपासत नाही. मीही तपासले नाहीत. पण त्या भागात जून-जुलै रडतखडत जातात आणि सप्टेंबरचा पाऊस येतो तो झोडपायलाच.

इंदापूर सोडलं आणि त्याने गाठलं. पाच मिनिटं वायपर नीट चालले. मग वायपरचे हात जड झाल्यासारखे काचेच्या मधोमध थबकू लागले. टेंभुर्णीच्या अलीकडे माझ्या समोरचा हात करकरला, जागच्या जागी दोनदा थरथरला आणि थांबला. थोड्या वेळाने डावाही गप्प झाला. बॉनेटच्या फटीतून भाजलेल्या वॉर्निशचा वास आला तसा मी लगेच स्विच बंद केला. वायपर अडकला असताना स्विच चालू ठेवणं हा मोटरचा खून आहे. मोकळी चालताना जी मोटर तीन-साडेतीन अँपिअर घेते ती अडकली की तेरा-पंधरापर्यंत जाते, आणि सगळी उष्णता आतल्या तारेत मुरते.

टेंभुर्णीला एका धाब्यासमोर थांबले. शेजारच्या ट्रकच्या चालकाने विचारपूस केली, खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि म्हणाला, "ताई, ही ओली करून काचेवर चोळा. पाणी थेंब धरत नाही मग." खरंच धरत नाही. पाणी पातळ पदरासारखं पसरतं आणि त्यातून रस्ता दिसतो, अंधूक का होईना. तीसच्या वेगाने मोहोळ गाठलं. दुपारी तीनला विजापूर रोडला काकांच्या फाटकात शिरले तेव्हा ब्लाउज घामाने भिजला होता.

रविवार

काका लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते, मिल बंद पडेपर्यंत. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चहा घेऊन ते अंगणात आले, पुढच्या चाकावर बसले (हेरल्डचं बॉनेट उलटलं की पुढचं चाक म्हणजे स्टूलच) आणि म्हणाले, "मोटर जळली असं आधीच ठरवू नकोस. आधी कुठं अडतंय ते बघू."

या गाडीच्या वायपरची रचना नव्या गाड्यांसारखी नाही. मोटर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि सीटांमधल्या पत्र्यावर, एका बाजूला बसते. आवरणावर लुकासचं नाव आणि डीआर३ए असा शिक्का आहे. आतला गिअर एका छोट्या दांड्याला मागेपुढे ढकलतो, आणि त्या दांड्याला जोडलेली एक लवचीक केबल धातूच्या नळीतून डॅशबोर्डच्या मागे जाते. केबलवर बाहेरून तारेचा घट्ट पीळ असतो, स्क्रूच्या आट्यांसारखा. दोन्ही वायपरच्या मुळाशी एकेक डबी असते, तिला व्हीलबॉक्स म्हणतात. डबीत दातेरी चाक, चाकाचे दाते केबलच्या पिळात. केबल मागेपुढे सरकली की चाक थोडं इकडे, थोडं तिकडे फिरतं, आणि त्याच्याच दांड्यावर वायपरचा हात बसवलेला असतो. आगगाडीच्या चाकाखालून रूळच मागेपुढे ओढावा, तसं काहीसं.

पहिली चाचणी अर्थची, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाची. या मोटरला वीज सतत मिळत असते, आणि स्विच तिचा अर्थ जोडतो-तोडतो. त्यामुळे स्विचमध्ये किंवा अर्थच्या जोडात गंज असला तरी वायपर मंदावतो आणि लोक उगाच मोटर बदलतात. मी मोटरच्या अर्थच्या टोकाला जाड वायर लावून ती थेट बॅटरीला टेकवली. काही फरक नाही. म्हणजे अर्थ निर्दोष.

दुसरी चाचणी केबलची. लुकासच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तिकेत साधी कसोटी दिली आहे: वायपरचे हात काढा, केबल मोटरपासून सोडवा आणि स्प्रिंगच्या काट्याने ओढा. सहा पौंडांहून, म्हणजे साधारण २.७ किलोहून जास्त जोर लागता कामा नये. काटा कुठून आणायचा? काकूने गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागून आणला. आम्ही हूक अडकवून ओढलं. काटा सव्वापाचावर गेला तेव्हा कुठे केबल हलली.

काका काही बोलले नाहीत, फक्त काटा मला परत एकदा ओढायला लावला. तेवढाच आला. मोटर कित्येक वर्षं दुप्पट ओझं ओढत होती आणि मला कळलं नव्हतं, याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी मोटर उघडली. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश जेमतेम तीन मिलिमीटर उरलेले. ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळाठिक्कर. त्याहून वाईट म्हणजे आर्मेचरच्या, म्हणजे तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्या, अंगावर एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा होता. टोकाचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजून आर्मेचर खाली झुकलं होतं आणि फिरताना ध्रुवाच्या लोखंडाला घासत होतं.

सोमवार

दिवसभर पायपीट. जुना पुणे नाका, मग सात रस्ता, मग शहरातल्या गल्ल्या. ॲम्बॅसडरचं सामान अजून मिळतं, प्रीमियर पद्मिनीचंही थोडंफार. हेरल्डचं नाव काढलं की दुकानदार माझ्याकडे बघतात. स्टँडर्ड कंपनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. तिचं सामान धूळ खात पडलेल्या खोक्यांत निघालं तर निघालं.

एका वयस्कर दुकानदाराने आपुलकीने ट्रॅक्टरची नवी मोटर पुढे ठेवली. "हीच बसवा, कटकट जाईल." मला ते नको होतं, आणि कारण निव्वळ हळवेपणाचं नव्हतं. नव्या मोटरी कायम चुंबकाच्या असतात. त्यांचा दांडा गोल फिरतो आणि पट्ट्यांच्या जोडणीने वायपर हलवतो. माझ्या गाडीत केबल ढकलणारी मोटर हवी. ती ट्रॅक्टरची मोटर बसवायची तर फायरवॉलला नवी भोकं, डॅशबोर्डमागे पट्ट्या, स्विचची वायरिंग उलट. एवढं करून गाडी तीच राहत नाही. आणि केबल जड ती जडच.

ब्रशसाठी मिक्सर-पंख्यांच्या दुकानात गेले तर त्याने मापाचे ब्रश हसतमुखाने काढून दिले. घेतले नाहीत. मिक्सरचे ब्रश २३० व्होल्टसाठी असतात, त्यांच्या कार्बनचा विद्युतरोध जास्त. बारा व्होल्टच्या मोटरीत ते घातले तर तिला पुरेशी वीजच मिळत नाही आणि ती मलूल चालते. माप जुळलं म्हणजे भाग जुळला असं नसतं. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जुन्या ट्रॅक्टरच्या डायनॅमोचे ब्रश मिळाले, चाळीस रुपयांना जोडी. मापाने मोठे होते. सपाट फरशीवर काचकागद ठेवून घासून बसवता येतात.

याच माणसाचा वाइंडिंगचाही व्यवसाय. त्याने आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे तपासणीच्या विद्युतचुंबकावर, ठेवलं आणि हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा एकेका खाचेवरून फिरवला. आत कुठे तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर ब्लेड तिथे थरथरलं असतं. मी श्वास रोखून बघत होते. शेवटची खाच झाली. ब्लेड कुठेच थरथरलं नाही.

"चांगलं हाय की ओ आर्मेचर. जळलं न्हाई. वास आला तो वरच्या वॉर्निशचा."

कम्युटेटर त्याने बारीक काचकागदाने साफ केला. पॉलिशपेपर वापरायचा नाही, त्याचे कण वीज नेतात आणि पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आला होता, तो घासून पातळ केलेल्या ब्लेडने खोदून खाली नेला. तासभर मान खाली घालून तो हेच करत होता. फील्ड कॉइलवर, म्हणजे आवरणातल्या स्थिर वेटोळ्यावर, वॉर्निश चढवून ती भट्टीत ठेवली.

मंगळवार

राहिलं बुश. काका सकाळीच म्हणाले, "अक्कलकोट रोडला चल. लूमचं काम करणारा टर्नर पाहिजे."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिरलं की आधी आवाज येतो. खटाखट, खटाखट, शेकडो मागांचा. इथे चादरी आणि टॉवेल विणले जातात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपल्याला माहीत असतं, पण माग चालू ठेवणारी छोटी वर्कशॉपं आपल्या लक्षात येत नाहीत. मागाचा प्रत्येक भाग सतत आपटत, घासत असतो. तो झिजणारच, आणि झिजला की त्याच दिवशी करून हवा, कारण बंद मागाची मजुरी कुणाला मिळत नाही. या गावाच्या टर्नरांचा हात त्यातून बसलेला आहे.

टर्नर साठीचे, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, पोऱ्याशी दोन्ही. काकांना 'मास्तर' म्हणतात. पितृपक्षात नवी कामं कमी, त्यामुळे निवांत होते. जुनं बुश बोटांत फिरवून म्हणाले, "गनमेटलचं करून देतो."

इथे मी थोडा हट्ट केला. या मोटरीतलं टोकाचं बुश सच्छिद्र ब्राँझचं असतं. ब्राँझची भुकटी दाबून, भाजून बनवलेलं. त्याच्या छिद्रांत तेल मुरतं आणि दांडा फिरताना तेच तेल पाझरत राहतं. गनमेटल भरीव, त्यात तेल राहत नाही. त्याला तेलाची खाच आणि वेळोवेळी तेल लागतं, आणि या मोटरीला तेल घालायला भोकच नाही. शिवाय हे बुश बाहेरून गोलसर आहे, दांडा किंचित तिरका असला तरी ते स्वतः फिरून जुळवून घेतं.

टर्नरांनी ऐकून घेतलं. मग उठले, मागच्या फळीवरचा डबा धुंडाळला आणि टेबलफॅनचं एक बुश काढलं. सच्छिद्र, बाहेरून गोल. कॅलिपर लावला. बाहेरचं माप अंगठ्याने दाबून बसेल इतकं जुळत होतं, भोक मात्र लहान.

"रीमर मारतो."

"रीमर नको," काका म्हणाले.

दोघे एकमेकांकडे बघून थांबले. रीमर भोक मोठं करतो, पण घासून घासून. त्यात ब्राँझची छिद्रं लिंपली जातात आणि बुश आतून काचेसारखं बंद होतं. टर्नरांना हे माहीत नव्हतं असं नाही, कामाच्या सवयीने तोंडातून निघालं होतं. "बरोबर आहे मास्तर," म्हणून त्यांनी नवं टूल घेतलं, ग्राइंडरवर धार काढली, मग दगडावर, मग अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. लेथवर कापत कापत, केसाएवढा चुरा काढत त्यांनी भोक वाढवलं. दर फेरीनंतर आर्मेचरचा दांडा घालून बघायचे. पाचव्या फेरीला दांडा आत गेला आणि बोट सोडताच अलगद फिरला.

पैसे विचारले तर म्हणाले, "शंभर द्या. बुश फुकट, पंखा माझाच होता." दुपारी तिथेच बाकड्यावर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. कडक भाकरी मोडताना होणारा आवाज मागांच्या आवाजातही ऐकू येतो.

निघताना त्यांनी विचारलं, "व्हीलबॉक्सचे दाते बघितले का? केबल जड होती म्हणता, पण एक हात करकरला पण म्हणता."

आम्ही बघितले नव्हते.

"गुरुवारी येतो मी. बघायचंय मला."

बुधवार

तिथी. स्वयंपाक पहाटेपासून. चुलतभावाने पिंड ठेवले, कावळा फार वेळ थांबवत नाही म्हणतात तसा आला. बुश चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं असतं, ते स्वयंपाकघराच्या खिडकीत एका वाटीत होतं. काकूने ती वाटी पानांच्या गर्दीतून दोनदा हलवली आणि दोनदा जागेवर ठेवली. संध्याकाळी वाटीतले बुडबुडे थांबले होते.

गुरुवार

ग्लोव्हबॉक्स काढून डॅशबोर्डखाली उताणं पडून काम करायचं. टर्नर साडेदहाला आले, चपला काढून ठेवल्या आणि मला म्हणाले, "ताई, तुमचे हात बारीक आहेत, तुम्हीच शिरा."

केबल जड का होती ते पाच मिनिटांत कळलं. कधीकाळी बसवलेल्या रेडिओची एक पट्टी नळीवर दाबून आवळली होती आणि नळी तिथे चेपली होती. रेडिओ केव्हाच गेला, पट्टी राहिली. ती काढली. चेपलेला भाग टर्नरांनी लाकडाच्या दोन खाचांत धरून गोल केला. नळीतून रॉकेल ओतलं, तारेला चिंधी बांधून चार वेळा ओढली. आधी काळा मेणासारखा लगदा निघाला, तो म्हणजे पन्नासेक वर्षांचं ग्रीस.

मग दोन्ही व्हीलबॉक्स अंगणात आणले आणि मागची झाकणं काढली.

या चाकाची गंमत अशी की ते पूर्ण कधीच फिरत नाही. वायपरचा हात काचेवर जेवढा कोन फिरतो तेवढंच चाक फिरतं, फेरीचा साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे झिजतात ते तेवढेच दाते. बाकीचे केबलला कधी शिवतही नाहीत. डाव्या व्हीलबॉक्सचं चाक तसंच होतं: एका बाजूचे दाते टोकदार, पातळ झालेले, उरलेले ताजे. "मागाचं चाक पण असं एका अंगाने जातं," टर्नर म्हणाले. "आम्ही फिरवून लावतो. फेकायचं कशाला?" केबल बाहेर असताना दांडा फिरवायचा, ताजे दाते पिळासमोर आणायचे आणि केबल परत घालायची. वायपरचा हात बसतो तिथे बारीक खाचा असतात, तो हव्या त्या कोनात परत बसवता येतो. नवा भाग लागत नाही.

उजवं चाक हातात घेतलं आणि ते गप्प झाले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. या चाकाच्या दोन बाजू झिजलेल्या होत्या. एक थोडी, एक पार संपलेली. आणि चाकाच्या कडेला, दोन्हींच्या मधोमध, कानशीची एक बारीक खूण.

"हे आधी कुणीतरी फिरवलंय."

काकांनी चाक मागून घेतलं आणि उन्हात धरलं. अंगठ्याने खूण चाचपली. "दादा," ते म्हणाले. "तिकोनी कानस, एकच घाव. मापाच्या पट्टीवरही तो अशीच खूण करायचा."

बाबांनी हे केव्हा केलं मला माहीत नाही. मी लहान असेन, किंवा कॉलेजात. ड्रायव्हरसमोरचा हात दगा देऊ लागला असेल तेव्हा त्यांनी एवढंच केलं असेल, उजवं चाक फिरवलं, डावं जसं होतं तसं ठेवलं. घरी कधी बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्ट नसावी. मी ही गाडी वीस वर्षं चालवतेय, तिच्या प्रत्येक नटाला हात लावला आहे असं मला वाटायचं.

टर्नर दाते मोजत होते. खुणेपासून एकीकडे, मग दुसरीकडे. "तिसरा भाग शिल्लक आहे," ते म्हणाले. "या अंगाला एक पण दाता लागलेला नाही. बघा."

खरंच, चाकाच्या उरलेल्या तिसऱ्या भागातले दाते कारखान्यातून आल्यासारखे होते, कडा अजून चौकोनी. ते केबलसमोर आणले. टर्नरांनी पिशवीतून कानस काढली आणि माझ्यापुढे धरली. मी दोन खुणा केल्या, शेजारी शेजारी.

मग जोडणी. ग्रीस लिथियमचं, बेताचं. जास्त घातलं तर पुन्हा लगदा होतो. केबल आत घालून हुकाचा काटा लावला. एक किलो नऊशे. काकांनी रद्दीवाल्याला काटा स्वतः नेऊन दिला. ब्रशांची तोंडं कम्युटेटरवर काचकागद गुंडाळून त्याच्या गोलाईत बसवली, मोटरचं आवरण परत लावलं, मीटर जोडला आणि स्विच लावला. सुरुवातीला चार, मग साडेतीन, मग तीन अँपिअरच्या जरा वर स्थिरावली. काचेवर बादलीभर पाणी ओतत आम्ही वीस मिनिटं वायपर चालवले. मोटर हाताला कोमट लागली, एवढंच. ब्लेडचं रबर सात रस्त्यावरून आणून कापून बसवलं.

टर्नरांनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. काकूने शेंगापोळ्या बांधून दिल्या त्या घेतल्या.

शुक्रवार

काका म्हणाले, मोहोळपर्यंत येतो, तिथून एसटीने परत फिरेन. काकू नको म्हणाली. ते बसले होतेच.

बाळे ओलांडलं आणि पाऊस सुरू झाला, आधी मोठे थेंब, मग पडदाच. स्विच ओढला. दोन्ही हात एकदम उठले, टोकापर्यंत गेले, परतले. थबकणं नाही, करकर नाही. फक्त एक मंद घरघर, जी मला लहानपणी मागच्या सीटवर झोपेत ऐकू यायची आणि जी इतकी वर्षं गेली होती हेही मी विसरले होते. काका काचेकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.

मोहोळच्या स्टँडबाहेर पाऊस ओसरला. स्विच बंद केला तेव्हा हात काचेच्या तळाशी न जाता चार बोटं वरच थांबले.

"पार्किंगचं राहिलं," काका म्हणाले आणि दार उघडून उतरले. मोटरच्या गिअरवरचं घुमटासारखं झाकण थोडं फिरवलं की थांबायची जागा बदलते. त्यांनी बॉनेट पुढे उलटलं, चाकावर बसले, स्क्रू सैल केले आणि झाकण अंगठ्याने किंचित ढकललं. "लाव. बंद कर." दोन बोटं. "परत." एक बोट. "परत लाव. आता बंद कर."

हात काचेच्या रबरालगत जाऊन पडले. काकांनी स्क्रू आवळले, बोटं धोतराला पुसली आणि सोलापूरची एसटी कुठल्या फलाटाला लागते ते विचारायला आत गेले.